जनाब जी. बी. शेख आणि तांबडं पुस्तक

शाळा अकराला भरायची, पण त्या तीन महिन्यांत मी सव्वादहालाच पोस्टाच्या ओट्यावर जाऊन उभी राहायचे. सोलापूरच्या मोटारीतनं टपालाची थैली उतरली की पोस्टमन व्यंकटमामा तिचं तोंड सोडायचे आणि मी त्यांच्या खांद्यावरनं आत डोकावायचे.

"मामा, आमचं काय आलं?"

"अगं, थैली उलटी तरी करू दे. कलेक्टरचा हुकूम यायचाय का तुला?"

"हुकूम न्हाय, पुस्तकाचा भाव यायचाय."

"पुस्तकाचा कसला आलाय भाव? पुस्तकावर छापलेला असतोय की."

हेच तर नळदुर्गात कुणाला समजत नव्हतं. आम्हाला जे पुस्तक हवं होतं त्यावर छापलेला भाव होता आठ रुपये. पण तो साठ वर्षांपूर्वीचा. ते पुस्तक पुन्हा कधी छापलंच नव्हतं, आणि आता त्याचा भाव ज्वारीसारखा दर महिन्याला नवा निघत होता. फरक एवढाच की ज्वारी कधी उतरते तरी.

सांगते सगळं. माझे अब्बा चाँदपाशा यांचं हैदराबाद रस्त्याला छोटं दुकान आहे. ट्रकच्या स्प्रिंगा, बिघडलेली कुलपं, स्टोव्ह, काय म्हणाल ते दुरुस्त करतात. ते झालं पोटासाठी. जीव मात्र जुन्या बंदुकांत. भंगारवाल्याकडनं मोडक्या नळ्या आण, गंजलेले चाप आण, बारूद ठेवायची शिंगं आण, असं करत त्यांनी घराची एक भिंत भरून टाकली होती. अम्मी म्हणायची, दुसऱ्यांच्या भिंतीवर कॅलेंडर असतंय, आमच्या भिंतीवर लोखंड. ही सगळी मोडतोड. धड बंदूक एकच, मधोमध टांगलेली. माझ्या पणजोबांच्याही आधीपासनं घरात असलेली लांबलचक तोड्याची बंदूक. तिला काडतूस लागत नाही. पेटती वात टेकवली की आतली बारूद धडाडते. नळीच्या खाली बोटाच्या पेराएवढा एक शिक्का आहे. मासा आणि त्याच्या पोटाखाली दोन ठिपके.

त्रेसष्टच्या सप्टेंबरात चावडीवर कागद लागला. ज्यांच्याकडं बिनपरवान्याची जुनी शस्त्रं असतील त्यांनी ती जुनी असल्याचा लेखी पुरावा एकतीस डिसेंबरच्या आत तुळजापूरच्या कचेरीत द्यावा, नाहीतर शस्त्र ठाण्यात जमा करावं. अब्बा तुळजापूरला जाऊन आले. तिथल्या कारकुनानं सांगितलं, "तुम्ही म्हणता शंभर वर्षांची आहे. मी कशावरनं मानू? छापील काहीतरी दाखवा."

अठ्ठेचाळीस साली, पोलीस ॲक्शन झाली तेव्हा, आजोबांनी दोन तलवारी ठाण्यात नेऊन दिल्या होत्या. त्या परत आल्या नाहीत. आजोबा मरेपर्यंत विचारत राहिले. त्यामुळं त्या दिवशी अब्बा जेवले नाहीत, नुसते बंदुकीखाली बसून राहिले. अम्मी माझ्या थोरल्या बहिणीच्या बाळंतपणासाठी हुमनाबादला गेलेली. घरात मी, अब्बा आणि जमिलाबी, म्हणजे अब्बांची थोरली बहीण, माझी फुफी.

"लोखंडाला एवढं काय रडायचं?" फुफी म्हणाली. "द्या टाकून. भिंतीला चुना तरी मारता येईल."

"आपा, तू गप बस."

"बसते. भाकरी खा, मग बसते."

आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या दुकानापाशी सोलापूरच्या महालिंगप्पा वकिलांच्या मोटारीची स्प्रिंग तुटली! वकीलसाबांना जुन्या बंदुका जमवायचा नाद, हे आम्हाला काय माहीत. चहा प्यायला म्हणून घरी आले आणि भिंत बघून कप हातातच राहिला. बंदूक त्यांनी उताणी केली, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "अय्यो! हा शिक्का मी पाहिलाय."

"कुठं?" अब्बा आणि मी एकदमच.

"एक इंग्रजी पुस्तक आहे. तांबड्या पुठ्ठ्याचं, जुन्या हिंदुस्थानी बंदुकांवरचं. शेवटी नुसते शिक्केच शिक्के. कोणत्या कारखान्याचा, कोणत्या सालचा, सगळं लिहिलंय. लढाईच्या आधी हैदराबादेत वीस रुपयांत मिळत होतं. मला महाग वाटलं, घेतलं नाही. तेव्हापासनं हळहळतोय. गोळा करणारे वाढत चाललेत आणि पुस्तकं तेवढीच. उलट कमीच, वाळवी काय थांबते होय? आता चाळीसला मिळालं तरी घ्या, चाँदपाशा. कारकुनाला पान दाखवलं की काम झालं."

त्यांनी तीन दुकानांचे पत्ते लिहून दिले. मुंबईचं, पुण्याचं, हैदराबादचं. अब्बांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. त्यांना वाचता येतं ते उर्दू.

"मी लिहिते!" मी म्हणाले.

गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीला 'हजर' सुद्धा ओठांतल्या ओठांत म्हणायची, हे खरं वाटणार नाही. पण आठवीच्या वार्षिक परीक्षेत मी इंग्रजीत पहिली आले, सगळ्या पोरांना मागं टाकून. हेडमास्तरांनी सगळ्यांपुढं माझा पेपर वाचून दाखवला. तेव्हापासनं माझं मलाच थांबवता येत नव्हतं. मुंबईला इंग्रजीत, पुण्याला मराठीत, हैदराबादला उर्दूत. तीन पत्रं, तीन भाषा, एका बैठकीत! इंग्रजी शाळेनं दिलं, उर्दू अब्बांनी.

पण त्याआधी मी फुफीचा सल्ला घेतला. सौदा करण्यात तिच्यासारखं नळदुर्गात कुणी नाही. बकरीदचा बकरा घ्यायला आमच्या घरची माणसं कधी एकत्र जात नाहीत. आधी अब्बा जातात, दात बघतात, म्हणतात तीस रुपये, आणि निघून जातात. मग हैदरचाचा, जसे काही कुणी परकेच. ते म्हणतात अठ्ठावीस. मग फुफी नाकाला पदर लावून येते, बकऱ्याच्या पाठीवरनं हात फिरवते आणि म्हणते पंचवीस, तेही अल्लाच्या नावानं. दुपारपर्यंत मालकाला वाटायला लागतं की आपल्या बकऱ्यातच काहीतरी खोट आहे. उन्हं कलली की अब्बा परत जातात आणि बकरा घेऊन येतात.

"पुस्तक काय आणि बकरा काय," फुफी म्हणाली, "विकणाऱ्याला कळता कामा नये की घेणारा एकच हाय."

म्हणून मुंबईचं पत्र गेलं चाँदपाशा यांच्या नावानं. पुण्याचं गेलं हैदरचाचांच्या नावानं, पत्ता त्यांच्या पिठाच्या गिरणीचा. त्यांनी हसत हसत सही ठोकली. आणि हैदराबादच्या पत्राखाली मी लिहिलं, जी. बी. शेख, पोस्टात ठेवावे. माझ्या गुलबानो नावाचं जी. बी. लिहिताना मला काय वाटलं ते सांगता येत नाही. पेन उचलून मी ते नाव दोनदा वाचलं.

उत्तरं आली. मुंबई म्हणालं पंचेचाळीस. पुणं म्हणालं, सध्या आमच्याकडं नाही, शोधतो, अठ्ठेचाळीसपर्यंत पडेल. हैदराबादचे बाबामियाँ बुकसेलर यांनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं, जनाब शेख साहेब, किताब एका जुन्या घराण्यात आहे, पन्नासला मिळवून देईन. मी ठरल्याप्रमाणं उलटटपाली तिघांना तीन आकडे कळवले. तीस, अठ्ठावीस, पंचवीस. आणि वाट बघत बसले. बसले कसली! घरात येरझारा घालून घालून फुफीचं डोकं उठवलं.

नोव्हेंबरात मुंबईचं पत्र आलं. अचानक मागणी वाढली आहे, आता सत्तर. दोन दिवसांनी पुणं. मराठवाड्याच्या बाजूनं कुणीतरी याच पुस्तकाच्या मागे आहे, पंच्याऐंशी. मग हैदराबाद. मुंबई आणि पुण्याहून माझ्याकडे विचारणा झाली आहे, शंभराच्या आत आता नाव काढू नका.

"कोण हाय ह्यो?" अब्बा भिंतीकडं बघत म्हणाले. "माझ्याच वेळी कसा उगवला?"

"असंल कुणीतरी पैशानं माजलेला," फुफी म्हणाली. "बसल्या जागी पुस्तकं घेतोय. मेल्याला वाचता तरी येतंय का कुणाला ठाऊक."

मला त्या माणसाचा असा राग आला म्हणता! डोळ्यांपुढं तो दिसायलाच लागला. गलेलठ्ठ, बोटात अंगठ्या, आणि मांडीवर आमचं पुस्तक. मग मी अब्बांना न विचारता एक काम केलं. शाळेच्या वहीची पानं फाडून तिन्ही दुकानांना लिहिलं, तीनही नावांनी, की काही झालं तरी पुस्तक त्या दुसऱ्या माणसाला देऊ नका. किंमत लागेल ती आम्ही देऊ. 'लागेल ती' याच्याखाली मी रेघ ओढली. मुंबईच्या पत्रात तर दोन.

डिसेंबर लागला तेव्हा बाबामियाँ एकशे चाळीसवर पोचले होते.

अब्बांचं सगळं दुकान महिनाभर उघडं राहून ऐंशी-नव्वद रुपये सुटायचे. त्यांनी भिंत उतरवायला सुरुवात केली. पहिल्यांदा शिंगं गेली, किल्ला बघायला आलेल्या एका साहेबाला. मग पितळी चाप. मग नळ्या एकेक करून, ज्या भंगारवाल्याकडनं आणल्या होत्या त्यालाच परत. त्यानं अर्धेसुद्धा दिले नाहीत. मी शाळेतनं यायचे तर भिंतीवर आणखी एक पांढरा डाग आणि त्यात एक खिळा. शेवटी बंदूक एकटी राहिली. जमले ब्याण्णव.

चौदा डिसेंबरला वकीलसाबांची मोटार पुन्हा थांबली. आत आले आणि दारातच थबकले.

"चाँदपाशा, बाकीचं कुठं गेलं?"

"पुस्तकात गेलं, वकीलसाब. तरी पुरं पडंना." अब्बांनी खाटेवर चादर टाकली. "कुणीतरी बडा आसामी मागं लागलाय."

"बडा?" वकीलसाब मटकन बसले. "अहो, मला तेच तर विचारायचंय! परवा मी हैदराबादला बाबामियाँकडं गेलो होतो. म्हटलं, पंचवीस वर्षं हळहळलो, आता घेऊनच टाकतो. तर म्हणतात एकशे चाळीस. म्हटलं, मियाँ, झालंय काय? म्हणाले, नळदुर्गातनंच तिघं जण हात धुवून मागं लागलेत. एक चाँदपाशा, ते मी ओळखलं. एक कुणी हैदर. पण तिसरा फार मोठा माणूस दिसतो, कितीही पैसे मोजतो म्हणतो. जी. बी. शेख. तुमच्या गावात हा जी. बी. शेख आहे तरी कोण?"

फुफी चुलीपाशी होती. तिनं फुंकणी खाली ठेवली. अब्बांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं.

"मी," मी म्हणाले.

"तू काय?"

"जी. बी. शेख."

बाहेर एका ट्रकनं भोंगा वाजवला. मग मी घडाघडा सगळं सांगितलं. तीन नावं, तीन आकडे, आणि ते शेवटचं, रेघ ओढलेलं. ते अब्बांनाही पहिल्यांदाच कळत होतं.

"पण बाजारात तर बकरा स्वस्त झाला हुता!" फुफी म्हणाली. तिला सगळ्यात जास्त धक्का बसला होता.

"जमिलाबी, बाजारात बकरी किती असतात?" वकीलसाबांनी विचारलं.

"असतील पन्नास-साठ."

"म्हणून मालक घाबरतो. गिऱ्हाईक शेजारच्या बकऱ्याकडं जाईल, ही भीती. इथं बकरा एकच आहे. आणि तोसुद्धा परवा-परवापर्यंत या तिघा दुकानदारांकडं नव्हता, चौथ्याच कुणाच्या दारात बांधलेला. मुंबईवाला त्या दारात गेला, पुणेवाला गेला, बाबामियाँ गेले. त्या धन्याला वाटलं, सगळा बाजारच आपल्या अंगणात भरलाय. मग तो कशाला उतरतोय?" वकीलसाबांनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि माझं पुस्तक गेलं ते गेलंच."

अब्बा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठून मोकळ्या भिंतीपाशी गेले, एक खिळा थोडा वाकला होता तो त्यांनी बोटानं सरळ केला आणि म्हणाले, "सतरा दिवस राहिले."

मी लगेच कागद पेन काढलं. वकीलसाबांनी हात वर केला. "आता पत्र नको, बाई! तू आणखी एक पत्र लिहिलंस तर दोनशे होतील. बाबामियाँनी आता पुस्तक विकत घेऊन ठेवलंय, एकशे दहाला. दुकानातच आहे."

"मग मी जाते."

"कुठं?"

"हैदराबादला. तोंडानं सांगते, की मी एकटीच आहे म्हणून."

"तुझं तोंड!" फुफी म्हणाली. पण अब्बांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "मी बी येतो."

नाताळची सुट्टी लागली त्या दिवशी पहाटे बिरदेव ड्रायव्हरच्या ट्रकमधनं आम्ही निघालो. त्याच्या ट्रकची स्प्रिंग अब्बांनी दोनदा बसवून दिली होती. बंदूक बरोबर नेणं शक्यच नव्हतं. मी पतंगाचा पातळ कागद शिक्क्यावर धरून त्यावर पेन्सिल घासली होती. मासा आणि दोन ठिपके स्वच्छ उमटले होते. तो कागद मी भूगोलाच्या पुस्तकात ठेवला आणि हैदराबाद येईपर्यंत दर मैलाला उघडून बघितला. बिरदेवमामा म्हणाले, "पोरी, मासा पळून जायचा न्हाय." पण मला पाय हलवल्याशिवाय बसताच येत नव्हतं. अब्बांच्या आतेभावाकडं उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर हजर.

बाबामियाँ म्हातारे, बारीक, पांढऱ्या दाढीचे. मी नळदुर्गचं नाव काढताच खूश झाले.

"शेख साहेबांनी पाठवलं?"

"मीच जी. बी. शेख."

त्यांनी माझ्या मागं बघितलं, माझ्या बाजूला बघितलं. अब्बांनी माझ्याकडं बोट केलं. बाबामियाँनी माझ्या दोन वेण्या, रिबनी आणि भूगोलाचं पुस्तक पाहून चष्मा काढला.

"आणि चाँदपाशा?"

"हे माझे अब्बा."

"आणि तो हैदर?"

"माझे चाचा. त्यांना पुस्तकाशी काही घेणं नाही. त्यांची गिरणी आहे."

"मुंबईवाला? त्याच्या तर दोन तारा आल्या!"

"तोही माझ्यासाठीच शोधत होता. पुण्याचाही." कान तापले होते, पण थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. "साहेब, गिऱ्हाईक एकच होतं. तुम्ही एकमेकांना विचारत राहिलात आणि मी घाबरून आणखी लिहीत राहिले. चूक माझी आहे."

"तौबा, तौबा!" बाबामियाँ खाली गादीवर बसले. "एकशे दहा रोख मोजले मी, पोरी! तीन गिऱ्हाइकं बघून मोजले. म्हणजे आता हे पुस्तक कुणालाच नको?"

"आम्हाला हवंय," अब्बा म्हणाले. "पण ब्याण्णवच हायेत."

"एकशे दहाचं ब्याण्णवला? माझ्या बायकोला काय सांगू? नळदुर्गच्या शाळेतल्या पोरीनं फसवलं म्हणून?"

अब्बांनी मान खाली घातली. "चल बानो."

"नुसतं बघू तरी द्या!" मी तो पतंगाचा कागद गादीवर पसरला. "हा शिक्का आहे का, एवढंच. नसेल तर आम्ही जातो आणि तुम्हाला पुन्हा कधी पत्र लिहीत नाही."

पत्र न लिहिण्याचं ऐकून असेल किंवा तो मासा बघून असेल, बाबामियाँनी कपाट उघडलं. तांबडं पुस्तक! मला वाटलं होतं त्याहून लहान, कडा पिवळ्या, एका कोपऱ्यात वाळवीनं नागमोडी रस्ता काढलेला. त्यांनी शेवटची पानं उघडली. हत्ती, फुलं, चांदण्या, फारसी अक्षरं. दोन पानं, चार पानं. आणि मग मासा! पोटाखाली दोन ठिपके. बाजूला इंग्रजीत दोन ओळी. मी मोठ्यानं वाचल्या, अब्बांना मराठीत सांगितल्या. तो कारखाना सतराशे नव्वदच्या सुमाराला चालू होता.

अब्बांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. त्यांच्या बोटांना कायम तेलाचा काळा डाग असतो. पान खराब होऊ नये म्हणून. तसेच वाकून बघत राहिले.

"उतरवून घेऊ?" मी विचारलं.

"नको." बाबामियाँनी पुस्तक मिटलं. "एक पान तू नेलंस, उद्या एक पान दुसरा नेईल. मग अख्खं पुस्तक घेणार कोण?"

"साहेब, हे पुस्तक घेणाऱ्याला पानं किती लागतात?"

"ज्याची जशी बंदूक, तसं एक."

"मग एका पानासाठी एकशे चाळीस कोण देणार? तिघं देत होते, ते तिघं मी होते. आमच्या गावात भुसाराच्या दुकानापाशी एकच मोठा काटा आहे. सगळा गाव आपलं पोतं तिथं आणून वजन करतो, पोत्यामागं एक आणा. काटा विकत घ्यायला आजवर कुणी आलं नाही, पण काटेवाल्यानं दोन मजली घर बांधलं. तुम्ही पुस्तक विकू नका. शिक्का दाखवायचे पैसे घ्या. तुमच्या हातानं लिहून, मोहोर मारून द्या. नवा कायदा सगळीकडं आहे, आमच्यासारखे किती जण असतील. आणि सोलापूरचे वकीलसाब तर पहिले येतील, त्यांच्याकडं वीसेक बंदुका आहेत!"

बाबामियाँ माझ्याकडं बघतच राहिले. मग अब्बांना म्हणाले, "ही घरी पण अशीच बोलते?"

"मागच्या सालापासनं," अब्बा म्हणाले. "आधी बोलतच नव्हती."

"बसा, शेख साहेब," बाबामियाँ मला म्हणाले आणि दौत पुढं ओढली. "दहा रुपये पडतील."

"सात..."

"बानो!" अब्बा असे ओरडले की मी गप्पच झाले. दहाची नोट त्यांनी गादीवर ठेवली.

बाबामियाँनी पुस्तकाचं नाव, साल, पानाचा आकडा, दोन ओळी, सगळं लिहिलं. मासा मी काढला. खाली त्यांनी गोल जांभळी मोहोर उमटवली, दाबून.

तीस डिसेंबरला आम्ही तुळजापूरच्या कचेरीत. कारकुनानं कागद उजेडात धरला, पतंगाचा कागद शेजारी ठेवला, मोहोरेवरनं अंगठा फिरवून बघितला. मी एका पायावरनं दुसऱ्या पायावर होत होते.

"ठीक. जुनी आहे, मानलं," तो म्हणाला. माझ्या तोंडून आवाज निघणार तोच त्यानं दुसरा कागद पुढं घेतला. "आता, चालते का?"

"म्हंजे?" अब्बांनी विचारलं.

"नुसती जुनी असून भागत नाही. निकामी पण पाहिजे. चालत असेल तर परवाना लागतो, आणि तो काही आता मिळायचा नाही. सांगा, चालते?"

हे कुणीच सांगितलं नव्हतं. पुस्तकातही नव्हतं.

अब्बा दर शुक्रवारी नमाजहून आले की ती बंदूक उतरवतात. तेल घालतात, नळीत गज फिरवतात, चाप खाली-वर करून आवाज ऐकतात. घरी कुणीही आलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं, आज बारूद घातली तर आज चालंल. त्या चापाची मोडलेली पट्टी त्यांनी विसाव्या वर्षी स्वतः ठोकून बसवली होती. माझ्या जिभेवर काय काय येत होतं. इतकी वर्षं चालवलीच नाही, मग कुणाला माहीत, असं काहीतरी गोलगोल. अब्बांनी माझं मनगट धरलं. मी बोलू नये म्हणून.

"न्हाय चालत, साहेब," ते म्हणाले.

"नक्की? परवा हवालदार येऊन बघेल."

"येऊ द्या. न्हाय चालत."

कारकुनानं लिहिलं. जुनी, निकामी, घरी ठेवण्यास हरकत नाही.

घरी आल्यावर अब्बांनी टोपीसुद्धा काढली नाही. बंदूक खाली घेतली, शेगडी पेटवली आणि कढईत शिसं टाकलं. फुफी विचारायला पुढं आली आणि त्यांचं तोंड बघून मागं गेली. नळीच्या मागच्या टोकाला, जिथं वात टेकवतात, तिथं सुईएवढं भोक असतं. त्यातनंच विस्तव आत जातो.

"नळी तिरपी धर," अब्बा म्हणाले. "हलू नको."

मी धरली. त्यांनी पळीनं शिसं ओतलं. एक थेंब, दुसरा थेंब. धूर माझ्या डोळ्यांत गेला तरी मी हलले नाही. निवल्यावर त्यांनी तारेचं टोक भोकावर ठेवून दाबलं. तार वाकली, आत गेली नाही. त्यांनी पुन्हा दाबून बघितलं.

"आता खोटं न्हाय," ते म्हणाले. मग कानशीनं वरचं शिसं सारखं केलं, फडक्यानं पुसलं आणि बंदूक परत मधल्या खिळ्यांवर टांगली.

आम्ही हवालदाराची वाट बघायला लागलो. तो आठ दिवस आलाच नाही.